कॅमेलिया फुलेपर्यंत

"ते झाड एकदा फुलू दे, मग मी सही करते," असं आई बिल्डरच्या माणसाला म्हणाली, तेव्हा मी पायरीवर बसून बूट घालत होतो आणि मला हसू आलं होतं. मला वाटलं, त्याला वाटेला लावायची ही तिची पद्धत. तो माणूसही हसला. कागद पुन्हा पिशवीत घालत म्हणाला, "फुलू द्या की काकू, झाडं काय, फुलतातच." त्याला बिचाऱ्याला कुठे ठाऊक होतं, की ते झाड कॅमेलियाचं आहे आणि पाच वर्षांत त्याने आम्हाला एक फूल दाखवलेलं नाही.

ठाण्याच्या बाळकुममध्ये आमचं बैठं घर होतं. दोन खोल्या, वर कौलं, संडास अंगणाच्या टोकाला, आणि पुढे माझ्या सोळा पावलांचं अंगण. सोळा पावलं मला पक्की आठवतात, कारण मी ती दिवसातून शंभर वेळा चालायचो. मला एका जागी बसता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. जेवताना मी दाराकडे तोंड करून बसायचो आणि आई म्हणायची, याला कुठलं जेवण, हा निघालेलाच असतो. तर रांगेतल्या चार घरांपैकी तिघांनी सह्या केल्या होत्या. त्या जागेच्या बदल्यात बिल्डर गल्लीच्या तोंडाशी नुकत्याच उभ्या राहिलेल्या इमारतीत फ्लॅट देणार होता, अगदी किल्ली हातात. बाबांच्या मागे आमचं घर आईच्या नावावर झालं होतं. तिच्या एका सहीपाशी सगळ्यांचं घोडं अडलं होतं.

ते झाड दार्जिलिंगचं. बाबांनी आयुष्यात एकदाच एलटीसी, म्हणजे कचेरीची प्रवास-सवलत, घेतली आणि आईला हिमालय दाखवायला नेलं. हिमालय ढगात होता, तो काही दिसला नाही. आईने तिथल्या एका बंगल्याच्या कुंपणात कॅमेलियाची फुलं पाहिली आणि ती तिथेच उभी राहिली. बाबांनी कुठून तरी रोप मिळवलं. रंग कुठला येईल ते देणाऱ्यालाही सांगता आलं नाही. दूध पावडरच्या डब्यात लावलेलं ते वीतभर रोप आईने परतीच्या गाडीत सगळा वेळ मांडीवर धरून आणलं आणि फणसाच्या सावलीत जमिनीत लावलं. पुढच्याच वर्षी बाबा गेले. चहा गाळून उरलेला चोथा बाबा स्वतः नेऊन त्या रोपाच्या बुडाशी टाकायचे. ते गेल्यावर हे काम आईने घेतलं आणि मला कधी करू दिलं नाही.

पानं मात्र सुरेख होती. गर्द हिरवी, तेल लावून पुसल्यासारखी. गल्लीतल्या बायका विचारायच्या, हे कसलं हो झाड, आणि आई दरवेळी अभिमानाने सांगायची. फुलं कधी येतात, असा पुढचा प्रश्न आला की ती विषय बदलायची.

आईच्या त्या वाक्याला आधी मी फारसं महत्त्व दिलं नाही. पण बिल्डरचा माणूस तिसऱ्यांदा आला, तिने तेच वाक्य तितक्याच शांतपणे तिसऱ्यांदा सांगितलं, आणि मला कळलं की ही चेष्टा करत नाहीये. ठीक आहे, म्हटलं. फूलच हवंय ना, मग फूल आणतो. घोडबंदर रोड तेव्हा दोन्ही बाजूंनी झाडांचा, दुपारी कुत्रंही न दिसणारा रस्ता होता. तिथे एक रोपवाटिका होती. तिथल्या म्हाताऱ्या माळ्याला मी सायकलवरून आणून झाड दाखवलं. त्याने पानं उलटीसुलटी केली आणि सांगितलं, की हे थंडीचं झाड, इथे जगलं हेच पुष्कळ. कळ्या धरेल, पण टिकवायच्या असतील तर त्याच्या मागे लागू नका. पाणी नेमाने द्या आणि लांबून बघा.

लांबून बघणं मला कुठून जमायला? मी फणसाची एक फांदी उतरवली, ऊन यावं म्हणून. चार दिवसांनी ऊन जास्त वाटलं म्हणून गोणपाट बांधलं. मग गोणपाटाने हवा अडते असं वाटून ते काढलं. शेणखत घातलं, पेंड घातली, कामावर जाताना पाणी, आल्यावर पाणी. त्या वर्षी दिवाळीनंतर खरोखरच कळ्या धरल्या, अकरा. आणि संक्रांतीच्या आत अकराच्या अकरा गळून पडल्या. मी त्या गोळा करून आईपुढे ठेवल्या. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी येतील." मला तिचा आवाज जरा जास्तच हलका वाटला, पण तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगी डोंबिवलीची, शाळेत शिकवणारी. ती आमच्याकडे आली, आईशी छान बोलली, झाडही बघून गेली. तिच्या वडिलांनी मात्र अंगणाच्या टोकाचा संडास पाहिला. त्यांनी नंतर सौम्यपणे सांगितलं, की फ्लॅटची किल्ली मिळाली की मुहूर्त धरू. यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. फ्लॅटसाठी थांबलेली लग्नं तेव्हा आजूबाजूला खूप होती. फक्त बाकीची लग्नं बिल्डरसाठी थांबली होती आणि माझं एका झाडासाठी. कचेरीतले लोक रोज विचारायचे, काय, फुललं का? मी हसायचो, पण तळपायाची आग मस्तकात जायची.

आईशी भांडून पाहिलं. ती भांडायचीच नाही. म्हणायची, मी कुठे नाही म्हणतेय, मी शब्द दिलाय ना? आणि तिने दिलेला शब्द ती मोडत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात मी ठरवलं की थंडी इथे येत नसेल तर आपण आणायची.

आमच्या गल्लीत रोज सकाळी कोळीवाड्यातली एक मावशी मासळी घेऊन यायची. दुपारी पाटी रिकामी करून परत जाताना आमच्या ओट्यावर टेकायची. आई तिला पाणी द्यायची, ती आईला गावातल्या बातम्या द्यायची. मी शाळेत होतो तेव्हापासूनचा हा रिवाज. पाटीच्या तळाशी उरलेला बर्फ ती कोपऱ्यावरच्या गटारात ओतून द्यायची. तो मी मागितला.

"बरफ कशाला रं पोरा, ताप आलाय काय कोनाला?" तिने विचारलं. मी झाडाचं सांगितल्यावर ती हसली आणि म्हणाली, "झाराला बरफ? तुझ्या आयशीला इचार पयले."

मी कशाला विचारतोय? मी बादली ठेवली, तिच्यात लाकडाचा भुसा घातला, मावशी रोज दुपारी बर्फ त्यात टाकायची आणि संध्याकाळी आल्यावर मी तो झाडाच्या बुडाशी गोल पसरायचो. दोन आठवडे मोठ्या निष्ठेने केलं. पहिल्यांदा मांजरं आली. गल्लीतली सगळी मांजरं झाडाभोवती बसून माती हुंगायची. मग पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, नंतर कळ्या काळ्या पडल्या. मी पुन्हा माळ्याला आणलं. त्याने चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

"मीठ कशाला घातलंत?" तो म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मासळी ताठ राहावी म्हणून मावशी बर्फात मूठ मूठ खडे मीठ टाकते, हे मी लहानपणापासून माझ्या डोळ्यांनी बघत आलो होतो. बाहेरचा कोणी असता तर त्याला पाटीतला बर्फ मिळालाच नसता, आणि कोळीवाड्यातल्या कोणी तो झाडाला घातला नसता. असली चूक आमच्यासारख्या अधल्यामधल्यांनीच करावी. मावशीला तरी काय बोलणार, तिने आधीच सांगितलं होतं.

आई मला रागावली नाही. ती पहाटे नळ आला की पिंप भरायची आणि दिवसभर बादलीमागून बादली त्या झाडाला घालायची, मीठ खाली धुऊन जावं म्हणून. एकदा माती उकरून तिने वरचा थर परातीत भरून बाहेर टाकला आणि नवी लाल माती आणून घातली. तिची कंबर धरली, तरी बादली माझ्या हातात देईना. तिसऱ्या दिवशी मी जबरदस्तीने बादली घेतली तेव्हा ती म्हणाली, "तुला घाई आहे ते मला कळतं रे. त्याला नाही कळत."

मला खरोखर लाज वाटली. पण खरं सांगायचं तर, त्या लाजेत हाही हिशेब होता की आता आणखी एक वर्ष गेलं.

झाड वाचलं. पावसाळ्यात त्याला नवी पानं आली आणि दिवाळीपर्यंत कळ्याही धरल्या. या वेळी मी शहाण्यासारखा लांब राहिलो. हात लावायचा नाही, फक्त मोजायचं. सकाळी दात घासताना मोजायचो, नऊ. त्या वर्षी थंडीही बरी पडली होती. कळ्या टपोऱ्या झाल्या, टोकाला गुलाबी दिसायला लागल्या. डोंबिवलीहून निरोप आला होता की वैशाखाच्या पुढे थांबता येणार नाही. बिल्डरचा माणूस आता गोड बोलत नव्हता. मी रोज मोजत होतो आणि रोज वाटत होतं, आठ दिवस, फार तर दहा.

मग नऊच्या सात झाल्या. मग पाच.

आधी गळायच्या तेव्हा कळ्या खाली मातीत पडलेल्या मिळायच्या. आता खाली काहीच नव्हतं. उंदीर असावेत म्हणून मी पिंजरा लावला. शेजारच्यांचंच घोडं या कळ्यांपाशी अडलं होतं, तेव्हा त्यांच्यावर संशय घेण्यात अर्थ नव्हता. चारच उरल्या तेव्हा माझं डोकं फिरलं. दुपारच्या वेळी आमच्या अंगणात रोज येऊन बसणारं माणूस एकच होतं. रविवारी मावशी ओट्यावर टेकली आणि मी सरळ विचारलं, की मावशी, कळ्या तू तोडतेस का? आई आत भाकऱ्या थापत होती. तिच्या थापण्याचा आवाज थांबला.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला होता, पण ती आवाज न चढवता म्हणाली, "तुझ्या आयशीला इचार." आणि पाणी न पिता पाटी उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर जायला निघालो, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मागच्या बाजूने न्हाणीच्या दाराने परत आत आलो. खिडकीच्या फटीतून अंगण दिसत होतं. आई आंघोळ करून परडी घेऊन बाहेर आली. तिने जास्वंदी काढल्या, तगर काढली. मग ती कॅमेलियापाशी गेली. एक कळी तिने दोन बोटांत धरली, जरा वेळ तशीच धरून ठेवली, आणि पिळून तोडली. कळी देवाला वाहत नाहीत, म्हणून ती परडीत टाकली नाही. खाली बसून तिने बोटाने माती उकरली, कळी आत ठेवली आणि वरून माती सारखी केली. त्यानंतर तिने आणखी दोन तशाच पुरल्या.

मी बाहेर आलो. तिला दचकताना पाहायचं असं माझ्या मनात होतं, पण ती दचकली नाही.

"तू म्हणाली होतीस फुलू दे," मी म्हणालो.

"तेव्हा मला वाटलं होतं, ते इथे काही फुलायचं नाही," ती म्हणाली. तिने बोटांची माती पदराला पुसली. "दोन वर्षं त्याने माझं ऐकलं. यंदा ऐकेना."

खोटं बोलून वेळ काढणाऱ्या माणसावर रागावता येतं. ती खोटं बोललीच नव्हती. ज्या झाडाला मरणातून ओढून काढलं, त्याच्याच कळ्या ती रोज सकाळी मोडत होती आणि दोन्ही तिने मनापासून केलं होतं. हे मला आज कळतं. त्या दिवशी मी म्हणालो, की हे घर म्हणजे बाबा नव्हेत, आणि हे झाडही नव्हे, आणि तुला इथेच बसायचं असेल तर बस, पण माझ्या लग्नाच्या वयाचा तरी विचार कर. आणखीही बरंच बोललो. शेवटी मी कामाला निघून गेलो. झाडावर एक कळी उरली होती.

पुढचे बारा दिवस आम्ही त्या कळीबद्दल एक अक्षर बोललो नाही. आई रोज परडी घेऊन बाहेर जायची आणि मी खिडकीपाशी उभा राहून तिच्या हातांवर नजर ठेवायचो. स्वतःच्या आईवर पहारा करायची मला शरम वाटत होती, तरी मी खिडकी सोडली नाही. ती झाडापाशी जायची, उभी राहायची, तगर काढून परत यायची. मी खिडकीत आहे हे तिला माहीत होतं. पण मी कचेरीत गेल्यावर दिवसभर अंगणात ती एकटीच असायची. तोडायची असती तर तोडता आली असती.

रविवारी सकाळी तिने हाक मारली. "अरे, ये. बघ."

मी ब्रश तोंडात घेऊन धावलो. फुललं होतं. गुलाबी. मी चूळ भरली, सदरा चढवला आणि शेजाऱ्याची स्कूटर घेऊन बिल्डरच्या माणसाच्या घरी गेलो. त्याला अर्ध्या आंघोळीतून बाहेर काढलं. वाटेत माझ्या मनात एकच, की आम्ही पोचेपर्यंत ती बदलू नये. आम्ही आलो तेव्हा आईने झाडाजवळ खुर्ची आणि स्टूल मांडलं होतं आणि ती चांगलं पातळ नेसली होती. तिने चार ठिकाणी सह्या केल्या, सावकाश, नाव पूर्ण लिहून. मी स्टुलावर वाकून बघत होतो, पेन नीट उमटतंय ना, चौथं पान सुटलं तर नाही ना. कागद मिटताना तो माणूस म्हणाला, "छान आहे हं तुमचा गुलाब, काकू." आईने त्याला दुरुस्त केलं नाही. आई म्हणाली, "चहा घेऊन जा."

मी चहालाही थांबलो नाही. डोंबिवलीला जाऊन बातमी दिली. पुढच्या दिवसांत हॉल, पत्रिका, फ्लॅटला कुलपं, गिझर, एक ना दोन. पाचव्या की सहाव्या दिवशी ते फूल आख्खंच्या आख्खं गळून पडलं. आईने ते वाटीत पाणी घालून खिडकीत ठेवल्याचं आठवतं. पुढे त्याचं काय केलं ते मला माहीत नाही.

घर सोडायच्या दिवशी मावशी तिच्या दोन मुलांना घेऊन आली. आईनेच बोलावलं होतं. त्यांनी झाड मातीच्या गड्ड्यासकट खणून हातगाडीवर चढवलं. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, की मावशी, माझं चुकलं. ती म्हणाली, "तुझं लगीन हाय ना, जा काम कर." तिच्या अंगणाची माती खाजणाची, खाडीचं पाणी आत येणारी. पावसाळा संपेपर्यंत झाड वाळून गेलं. आई एकदा बघून आली होती, पण हे मला तिने नव्हे, मावशीने सांगितलं.

आमचं लग्न झालं, फ्लॅटमध्ये आम्ही चांगले राहिलो. आईलाही तिथे त्रास झाला असं मी म्हणणार नाही. संडास घरात, पाणी दोन्ही वेळ, बायकोशी तिचं माझ्यापेक्षा जास्त जमायचं. जुन्या घराच्या जागी चार मजले उभे राहिले आणि आमच्या बाल्कनीतून त्यांची मागची बाजू दिसायची. आई बाल्कनीत बसून भाजी निवडायची. त्या फुलाचं नाव तिने कधी काढलं नाही, म्हणून मीही काढलं नाही.

सहा-सात वर्षांनी असेल. मी कुठेतरी निघालो होतो आणि चप्पल शोधत बाल्कनीत आलो. आई मेथी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "त्या फुलाच्या पाकळ्यांवर पांढऱ्या रेषा होत्या, नाही रे? कडेकडेने?"

मी आठवून पाहिलं. पेन आठवलं, स्टूल आठवलं, कागदावरचा शिक्का आठवला. तीन वर्षं ज्याच्यासाठी मी जिवाचं रान केलं, ते फूल माझ्या डोळ्यांपुढे येईना.

"हो, होत्या ना," मी म्हणालो. "बारीक होत्या."

"नव्हत्या," आई म्हणाली, आणि तिने मेथीची पुढची जुडी सोडली.